कोरोना विषाणू: घराणं एक, तऱ्हा सात

प्रश्न असा विचारला आहे: साध्या सर्दीचे चार विषाणू कोरोना घराण्यातले, २००३चा सार्स त्याच घराण्यातला, उंटांकडून येणारा मर्सही त्यातलाच आणि कोविडही. मग एकामुळे नुसतं नाक गळावं आणि दुसऱ्यामुळे माणूस थेट व्हेंटिलेटरवर जावा, हे कसं? त्यालाच जोडून दुसरा प्रश्न: कोविड आता साधी सर्दी झालाय, असं म्हणायला हरकत आहे का?

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. आयसीयूत बरीच वर्षं काढली आहेत. विषाणू काचेच्या बशीत वाढवणाऱ्यांपैकी मी नाही, त्यामुळे मी त्याच्याकडे रुग्णाच्या खाटेशी उभा राहून बघतो, हे आधीच सांगून ठेवतो. तिथून बघताना एक गोष्ट पक्की झाली आहे. काही विषाणू जन्मजात जहाल आणि काही मवाळ, ही वाटणी फारशी कामाची नाही. विषाणू शरीरात नेमका कुठे उतरतो, शरीराला त्याची चाहूल किती लवकर लागते आणि त्याची-आपली आधी कधी गाठ पडली आहे का, या तिन्हींवर आजाराचं रूप ठरतं.

आधी विषाणूची बांधणी बघू, कारण पुढचं बरंचसं तिच्यातूनच येतं. हा साधारण १०० नॅनोमीटरचा गोळा. असे दहा हजार गोळे ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरतो. बाहेरून मेदाचं पातळ आवरण असतं, पण ते त्याचं स्वतःचं नाही. ज्या पेशीत तो तयार झाला, तिच्या आतल्या पडद्याचाच तो तुकडा. साबणाने हे आवरण फाटतं आणि विषाणू निकामी होतो. आवरणावर स्पाइक प्रथिनाचे खुंट उभे असतात. स्कॉटिश विषाणूतज्ज्ञ जून अल्मेडा यांनी १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे खुंट टिपले. खग्रास ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभामंडळासारखी ती झालर, म्हणून १९६८ मध्ये या घराण्याला ‘कोरोना’ हे नाव मिळालं. कोंबड्यांमधला याचा भाऊबंद मात्र १९३०च्या दशकापासूनच पशुवैद्यांना छळत होता. खरं तर या विषाणूंबद्दल पशुवैद्यांना आमच्यापेक्षा कितीतरी आधीपासून जास्त कळत होतं. आम्ही त्यांना विचारलं नाही, एवढंच.

आत आरएनएचा, म्हणजे विषाणूची सगळी कृती ज्यावर लिहिलेली असते त्याचा, एकच सलग धागा असतो, सुमारे ३०,००० अक्षरांचा. कोविडच्या विषाणूच्या पहिल्या पूर्ण वाचनात ही अक्षरं २९,९०३ भरली. फ्लूच्या विषाणूचा सगळा मजकूर साधारण साडेतेरा हजारांत आटोपतो, एचआयव्हीचा दहा हजारांच्या आत. आता आरएनएची नक्कल उतरवणारं एन्झाइम स्वभावाने धांदरट असतं. इतका लांब मजकूर त्याच्या हाती सोडला, तर काही पिढ्यांतच चुकांचा ढीग साचून विषाणूचाच निकाल लागेल. म्हणून या घराण्याने घरचा मुद्रितशोधक ठेवला आहे. एनएसपी१४ नावाचं हे प्रथिन नकलेच्या मागोमाग चालतं आणि चुकीचं अक्षर दिसलं की खोडून टाकतं. एवढ्याशा विषाणूंमध्ये ही चैन फार थोड्यांना परवडते.

या मुद्रितशोधकाने औषधं शोधणाऱ्यांना बराच घाम फोडला. बनावट अक्षर घुसवून नक्कल बिघडवायची ही जुनी युक्ती, पण इथे बनावट अक्षर पकडलं जातं. रेमडेसिविर यातून वाट काढतं. ते जोडलं गेल्यावर नक्कल लगेच थांबत नाही, आणखी तीन अक्षरं पुढे जाते आणि मग अडते. तोवर बनावट अक्षर आत दडलेलं असतं आणि ते उपसून काढणं अवघड जातं. कल्पना सुंदर आहे. पण फुप्फुसं एकदा सुजली की नक्कल थांबवून फारसं काही हाती लागत नाही, हा खाटेशेजारचा अनुभव. त्याकडे पुढे येतोच.

नक्कल करणाऱ्या या एन्झाइमची आणखी एक खोड आहे. काम चालू असताना ते धाग्यावरच्या एका जागेवरून उडी मारून दुसरीकडे जातं. काही प्रथिनांसाठी आखूड प्रती काढायच्या तर ही उडी लागतेच, तो त्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे. पण एकाच पेशीत दोन वेगळे कोरोना विषाणू शिरले असतील, तर उडी भलत्याच धाग्यावर पडते आणि अर्धा मजकूर याचा, अर्धा त्याचा असं नवं वाण तयार होतं. मुद्रितशोधक चुका आवरतो, पण उड्यांवर त्याचा ताबा नाही.

आता मुद्द्यावर येऊ, म्हणजे कुलपाकडे. स्पाइक ही किल्ली, पेशीवरचं एखादं प्रथिन हे कुलूप. २२९ई हा सर्दीचा विषाणू एपीएन नावाचं कुलूप उघडतो, मर्सचा विषाणू डीपीपी४ उघडतो, सार्स आणि कोविड दोघेही एसीई२. इथवर ऐकून बरेच जण समाधानाने मान डोलावतात: जसं कुलूप तसा आजार. पण एनएल६३ हा २००४ मध्ये ओळख पटलेला विषाणूही एसीई२च उघडतो आणि मोठ्या माणसांत बहुतेक वेळा सर्दीवर थांबतो. लहान मुलांत फार तर घसा बसून भुंकल्यासारखा खोकला येतो. म्हणजे कुठल्या दारातून आत शिरता येईल, एवढंच कुलपावरून कळतं. आत शिरल्यावर घरात काय उलथापालथ होईल, ते त्यावरून कळत नाही.

तरी जागेचं महत्त्व कमी होत नाही. मला सगळ्यात पटलेलं उदाहरण डुकरांचं आहे. डुकरांच्या पिलांना जुलाबाने मारणारा एक कोरोना विषाणू १९४०च्या दशकापासून माहीत आहे. तो आतड्याच्या अस्तराची नासाडी करतो. पिलू दोन आठवड्यांच्या आतलं असेल तर ते सहसा वाचत नाही. १९८४ मध्ये बेल्जियममधल्या डुकरांत त्याचा एक अगदी सख्खा भाऊ सापडला. मजकूर जवळपास तोच, फक्त स्पाइकच्या एका टोकाचा सहाशे-सातशे अक्षरांचा तुकडा गळून पडलेला. तेवढ्याने आतडं सुटलं. विषाणू श्वासमार्गात राहायला गेला आणि जीवघेण्या जुलाबाच्या जागी किरकोळ खोकला उरला. वर आणखी मौज अशी, की हा भाऊ येऊन गेलेल्या डुकरांना मूळ विषाणूपासूनही थोडंफार संरक्षण मिळू लागलं. मांजरांत नेमकं उलटं घडतं. आतड्यात निमूट राहणारा त्यांचा कोरोना विषाणू एखाद्या मांजराच्या अंगात बदलतो आणि संरक्षक पेशींमध्येच वाढू लागतो. मग पोटात पाणी होतं आणि उपचार नसेल तर मांजर दगावतं.

मर्सचं कोडंही जागेनेच सुटतं. डीपीपी४ हे कुलूप उंटाच्या नाकात भरपूर असतं, म्हणून उंटाला नुसती सर्दी होते. माणसात ते खाली, फुप्फुसात खोलवर असतं. त्यामुळे माणसाला थेट न्यूमोनिया होतो, पण इतक्या खोलातला विषाणू बोलण्या-शिंकण्यातून सहज बाहेर पडत नाही. २०१२ पासून मर्सचे सुमारे २,६०० रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले साधारण ३६ टक्के दगावले. हा आकडा बघून घाबरण्याआधी एक लक्षात ठेवा: ज्यांना सौम्य आजार झाला ते रुग्णालयात आले नाहीत, म्हणजे मोजलेही गेले नाहीत. अर्थात वाट मिळाली की मर्सही पसरतो. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात एका प्रवाशापासून सुरू झालेली साखळी १८६ रुग्णांवर आणि ३८ मृत्यूंवर जाऊन थांबली, आणि ती बहुतांशी रुग्णालयांमधूनच फिरली.

सार्सचा रुग्ण आजाराच्या दहाव्या दिवसाच्या सुमाराला सगळ्यात जास्त विषाणू बाहेर टाकायचा. तोवर तो खाटेवर असायचा, म्हणजे धोका होता तो आमच्या मंडळींना. दर पाच रुग्णांमागे एक आरोग्य कर्मचारी होता. हनोईतून जगाला सावध करणारे डॉ. कार्लो उर्बानी २९ मार्च २००३ रोजी सार्सनेच गेले. पण याच उशिरामुळे साथ आवरताही आली. ताप मोजा, माणूस वेगळा ठेवा, एवढं नीट केलं की साखळी तुटायची. ८,०९८ रुग्ण आणि ७७४ मृत्यूंनंतर, ५ जुलै २००३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने साथ आटोक्यात आल्याचं जाहीर केलं.

कोविडच्या विषाणूने कुलूप तेच ठेवलं, वेळापत्रक मात्र बदललं. तो आधी नाका-घशात जोमाने वाढतो आणि ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीच दुसऱ्याकडे जातो. त्याच्या स्पाइकवर एक छोटी खाच आहे. तिथे आपल्याच पेशीतलं फ्युरिन हे एन्झाइम काप देतं, त्यामुळे विषाणू पेशीतून निघतानाच अर्धवट उघडलेल्या चाकूसारखा तयार असतो. सार्सच्या विषाणूला ही खाच नव्हती. धडधाकट माणूस हसत-बोलत विषाणू वाटत फिरतोय, तिथे दारातली ताप मोजणारी बंदूक काय करणार?

आता खाटेशेजारी या. पन्नाशीतले एक गृहस्थ, आजाराचा आठवा दिवस. मोबाइलवर कुणाशी तरी बोलत बसले होते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८१.

“काका, धाप लागतेय का?”

“छे हो डॉक्टर, जरा थकवा आहे. घरी कधी सोडताय?”

मी म्हटलं, एका दमात एकपासून आकडे मोजा बघू. निरोगी माणूस सहज पंचविसाच्या पुढे जातो. काका अकरावर थांबले आणि स्वतःच चमकले.

धाप लागल्याची जाणीव प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड साचल्यावर होते, ऑक्सिजन कमी झाल्यावर तितकी नाही. कार्बन डायऑक्साइड पडद्यातून फार सहज निसटतो. त्यामुळे काही वायुकोश निकामी झाले तरी उरलेल्यांतून तो बाहेर पडत राहतो आणि मेंदूला घंटा ऐकू येत नाही. ऑक्सिजनला तशी सवलत नाही. काकांना ऑक्सिजन लावला आणि पालथं झोपवलं. उताणं झोपल्यावर फुप्फुसांचा पाठीकडचा मोठा भाग वरच्या भाराखाली, हृदयाच्या वजनाखाली दबलेला असतो. पालथं झालं की तो भाग उघडतो. अर्ध्या तासात आकडा ९२ झाला. काका उशीत तोंड खुपसून कुरकुरत होते, मी मात्र बऱ्याच वेळाने खुर्चीत टेकलो.

आठव्याच दिवशी का? कारण तोवर लढाईचा नूर पालटलेला असतो. पेशीत विषाणू शिरला की तिने इंटरफेरॉनची हाळी द्यायची, आजूबाजूच्या पेशींनी दारं लावून घ्यायची, ही नेहमीची रीत. कोविडचा विषाणू ती हाळीच दाबतो. त्याचं एनएसपी१ हे प्रथिन पेशीच्या रायबोसोममध्ये, म्हणजे निरोप वाचून प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात, बोळा बसवावा तसं बसतं, म्हणजे पेशीचे स्वतःचे निरोप वाचलेच जात नाहीत. पहिले चार-पाच दिवस शरीर गाफील राहतं. मग जाग येते ती एकदम आणि घाबरून. संरक्षक पेशी फुप्फुसात लोटतात, वायुकोशांत पाणी भरतं, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. विषाणू उताराला लागलेला असतो आणि माणूस मात्र खचत जातो. काहींच्या अंगात तर इंटरफेरॉनवरच उलटणाऱ्या अँटिबॉडी असतात. अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांच्या तपासणीत १०१ जणांत त्या सापडल्या. विषाणू तोच, पण या माणसांची हाळी आधीपासूनच दाबलेली होती.

औषधांची वेळ यावरूनच ठरते. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला: डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काही फायदा झाला नाही. हे शेवटचं वाक्य कितीतरी जणांनी वाचलंच नाही. तापाच्या पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेऊन, साखर चारशेवर नेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. विषाणू वाढत असताना शरीराचे हात बांधायचे आणि शरीर पेटल्यावर विषाणूचं औषध द्यायचं, असा उफराटा कारभार.

कोविडमध्ये वास जातो, तो मात्र लोकांना वाटतं तसा चेतापेशी मेल्याने नाही. वास ओळखणाऱ्या चेतापेशींवर एसीई२ जवळपास नसतंच. त्यांना टेकू देणाऱ्या शेजारच्या पेशींवर ते असतं. त्या कोसळतात म्हणून वास जातो, आणि त्या पुन्हा उगवतात म्हणून बहुतेकांचा परतही येतो.

तिसरी गोष्ट उरली: आधीची गाठ. ओसी४३ हा सर्दीचा अगदी सामान्य विषाणू, आपल्यापैकी जवळपास सगळ्यांना लहानपणीच होऊन गेलेला. २००३च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात वृद्धांच्या एका निवासात श्वसनाच्या आजाराची साथ आली. १४२ पैकी ९५ रहिवासी आजारी पडले, ८ दगावले. दिवस सार्सचे होते आणि चाचण्याही सार्सकडेच बोट दाखवत होत्या. नीट छडा लावल्यावर निघाला ओसी४३. निवासातल्या कर्मचाऱ्यांनाही तो झाला होता, पण ते खोकून-शिंकून मोकळे झाले. मवाळ म्हणून ज्याची ओळख, तो थकलेल्या फुप्फुसांत असा वागतो.

ओसी४३ गुरांच्या कोरोना विषाणूच्या फार जवळचा आहे. दोघांच्या मजकुरातला फरक मोजून काही संशोधकांनी मांडलं, की तो १८९०च्या आगेमागे माणसात आला असावा, आणि १८८९-९०ची जगभरची ‘फ्लू’ची साथ कदाचित त्याचीच होती. हा तर्कच आहे, पुरावा नव्हे. पण तर्क खरा असेल तर आज आपल्या नातवंडांचं नाक गाळणारा हा विषाणू एके काळी कोविडसारखाच आला होता.

गाठ पडल्यावर शरीर काय लक्षात ठेवतं, तेही थोडंफार माहीत आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या नाकात २२९ई सोडला आणि वर्षभराने पुन्हा सोडला. आधी संसर्ग झालेल्यांपैकी बऱ्याच जणांत विषाणू पुन्हा वाढला, पण सर्दी कुणालाच झाली नाही. नाकातली राखण वर्षभरात ढिली पडते, आतली शिबंदी जास्त काळ टिकते. लस घेऊनही कोविड झाला म्हणून लोक चिडायचे, तेव्हा मी हाच प्रयोग सांगायचो.

तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. २०२१च्या अखेरीस आलेला ओमिक्रॉन पेशीत शिरायची वाट थोडी बदलून आला. तो श्वासनलिकांमध्ये झपाट्याने वाढतो, फुप्फुसाच्या खोल भागात आधीच्या वाणांइतका नाही. म्हणजे जागा वर सरकली, आणि हा बदल खरा आहे. पण त्याच ओमिक्रॉनने २०२२च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये काही आठवड्यांत हजारो माणसं नेली. त्यातले बहुतेक वृद्ध, विषाणूशी आधी गाठ न पडलेले आणि लस न घेतलेले किंवा अपुरी घेतलेले. इतरत्र तो मवाळ वाटला तो मुख्यतः समोरची शरीरं बदलली होती म्हणून. त्यामुळे ‘साधी सर्दी झाला का’ याला माझं उत्तर, कुणासाठी, असं उलट प्रश्नाने सुरू होतं. तिशीतल्या, लस घेतलेल्या धडधाकट माणसासाठी बहुतेक वेळा हो, तरी काहींना महिनोन्‌महिने थकवा आणि धाप उरते, ती सर्दीने उरत नाही. पंच्याहत्तरीच्या माणसासाठी, मूत्रपिंड बदललेल्यासाठी, केमोथेरपी चालू असलेल्यासाठी नाही.

अशा रुग्णाचा फोन आला की मी तापाची चौकशी करण्याआधी ‘आज कितवा दिवस?’ हे विचारतो. लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत असेल तर निरमॅट्रेलविरच्या गोळ्यांचा उपयोग होतो. विषाणूची प्रथिनं आधी एका लांब पट्टीत तयार होतात आणि त्याचीच एक कात्री ती कापून सुटी करते. ही गोळी त्या कात्रीत अडकते. तिच्यासोबत रिटोनाविर द्यावं लागतं, म्हणजे यकृत औषधाचा लवकर फडशा पाडत नाही. पण मग यकृत बाकीच्या गोळ्यांचाही फडशा पाडायचं थांबतं. म्हणून कोलेस्टेरॉलच्या, रक्त पातळ करण्याच्या आणि प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्यांची सगळी चिठ्ठी मी आधी वाचून घ्यायला लावतो, फोनवरच, एकेक नाव. आणि बरं वाटू लागल्यावर परत परत आरटीपीसीआर करू नका. आरएनएचे मेलेले तुकडे आठवडेच्या आठवडे सापडत राहतात, सौम्य आजारात दहाएक दिवसांनंतर जिवंत विषाणू सहसा हाती लागत नाही.